राहीबाईचा दाखला

परसबाग हा शब्द ज्यानं शाळेच्या परिपत्रकात घातला, त्यानं आयुष्यात कधी खुरपं धरलं नसणार. दुपारच्या खिचडीत ताजी भाजी पडावी म्हणून शाळेनं आवारात चार वाफे करावेत, इथपर्यंत ठीक होतं. पण मग कुणाला तरी त्याची स्पर्धा काढायचं सुचलं. स्पर्धा आली की फोटो येतात, आणि फोटो आले की आमची व्यवस्थापन समिती येते.

मी या शाळेची मुख्याध्यापिका. गाव पलूसपासून आठ किलोमीटरवर, शाळा सातवीपर्यंत, पोरं एकशे चाळीस. माहेर माझं मेढ्याचं. तिथं डोंगरात माणूस कमी बोलतो. इथं काळ्या रानात उसाला आणि भाषणाला दोन्हीला पाणी भरपूर. वडिलांनी हौसेनं माझं नाव क्रांती ठेवलं होतं. त्या नावाचं मी काय केलं, ते पुढं येईलच.

समितीत कागदावर सोळा जण आहेत, पण बोलतात तिघेच. अध्यक्ष नानासो, त्यांची मुलगी चौथीत आहे. दोन ट्रॅक्टर, एक जेसीबी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि प्रत्येक कामावर एकच उत्तर, ‘करून टाकू’. ते करून टाकणारा माणूस मात्र नेहमी दुसराच असतो. दुसरे लालासाहेब सुभेदार, फौजेतून निवृत्त, समितीत ‘शिक्षणप्रेमी’ म्हणून नेमलेले. शिक्षणावर त्यांचं प्रेम असेलही, पण ते एकतर्फी आहे. शाळेतला प्रत्येक दगड त्यांनी गेरू आणि चुन्यानं रंगवून ओळीत उभा केला, तेवढंच त्यांचं काम दिसतं. तिसरा नानासोंचा पुतण्या धैर्यशील. तो फोटो काढतो. बाकी काय करतो, ते मला सहा वर्षांत कळलेलं नाही.

आणि राहीबाई. ती समितीत नाही. ती अकरा वर्षं शाळेची खिचडी शिजवते.

राहीबाईचा एक नेम होता. जेवणाच्या सुट्टीत स्वयंपाकघराच्या दारात ती उलथनं घेऊन उभी राहायची आणि पोरांची रांग लागायची. ‘हात दाखव.’ पोरगं तळवे पुढं करायचं. ‘पलटी कर.’ मग पाठची बाजू, मग नखं. मळ दिसला की उलथनं नळाकडं वळायचं आणि पोरगं गुपचूप धुऊन परत रांगेच्या शेवटी यायचं. नानासोंची मुलगीसुद्धा दोनदा नळावर गेलेली आहे. अकरा वर्षांत शाळेत जेवून एकाही पोराचं पोट बिघडलं नाही, ते परिपत्रकांमुळं नव्हे.

परसबागही तिचीच. मेथी, पालक, चवळी, कुंपणावर दोडका. बागेच्या फलकावर मात्र तीन पुरुषांचे फोटो होते.

मे महिन्यात नानासोंनी बागेला माती दिली. ओढ्याकाठची चार ट्रॉल्या माती, एक भाषण आणि सोळा फोटो. मातीत काय होतं ते जूनच्या शेवटी उगवून आलं. गाजरगवत. आता गाजरगवत कुणाला माहीत नाही? बांधावर, रस्त्याकडेला, पंचायतीच्या दारात, जिथं कुणी लक्ष देत नाही तिथं ते पांढऱ्या फुलांनी डवरतं. माहीत सगळ्यांना आहे, घाबरत कुणीच नाही. मी स्वतः सहावी-सातवीच्या पोरांना दरवर्षी शिकवते की हे परकं तण आहे, एका झाडाला हजारो बिया येतात, फुलांच्या धुळीनं नि पानांच्या रसानं कातडीला खाज सुटते, फोड येतात, म्हणून ते फुलायच्या आत उपटावं, हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. एवढ्या एका प्रश्नाला आमच्या पोरांना पैकीच्या पैकी मार्क पडतात.

राहीबाई कुठल्याच शाळेत गेलेली नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती मला म्हणाली, “मॅडम, आत्ता कवळं हाय तवर दोन बायका द्या, एका दिसात काडून टाकू. फुलावर आलं मंजी त्याला हात लावायचं काम न्हाई. लय वंगाळ असतंय ते.”

मी नानासोंना सांगितलं. नानासो म्हणाले, “करून टाकू.”

जुलै संपत आला. बागेत मेथी शोधावी लागत होती आणि गवत मांडीपर्यंत आलं होतं, वरून पांढरंशुभ्र. मग एका शुक्रवारी निरोप आला की सोमवारी तालुक्याचं पथक परसबाग बघायला येणार. समिती धावत आली. नानासोंनी बागेकडं बघून कपाळाला हात लावला, जणू ते गवत आम्हीच पेरलं होतं.

“राहीबाई,” ते म्हणाले, “दोन दिसात साफ झालं पायजे बगा.”

“आवं नानासो, पार फुललंय की. हातमोजं तरी आणून द्या मला.”

सुभेदार हसले. “हातमोजं? राहीबाई, आमी बर्फात राह्यलोय, बर्फात! गवत उपटायला हातमोजं घालत्यात व्हय? जवानानं असं मागितलं असतं तर मैदानाला धा चकरा मारायला लावल्या असत्या.”

सुभेदार बर्फात राहिले होते हे खरं, पण कोठारात. थंडीचे हातमोजे जवानांना वाटून देणं हेच त्यांचं काम होतं, हे त्यांनीच मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं. ते मी तेव्हा तिथं बोलायला हवं होतं. राहीबाईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “बघू, मिळतात का.” पलूसमध्ये दर दुसऱ्या दुकानात मिळतात. मी बघितलं नाही.

शनिवार-रविवार राहीबाई एकटी त्या बागेत होती. ऊन चिकट, अंगावर घाम, नाकाला पदर, उघडे हात. उपटायचं, कवेत घ्यायचं, कुंपणाबाहेर टाकायचं. सोमवारी पथक आलं, चहा प्यालं, बाग ‘स्वच्छ व नेटकी’ असल्याचा शेरा मारून गेलं. तालुक्यात पहिला नंबर. ढाल घ्यायला नानासो, सुभेदार आणि धैर्यशील गेले. राहीबाई त्या दिवशी पोरांना वाढत होती.

पथक येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, तिच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ आलं. गुरुवारपर्यंत मनगटं सुजली, कोपराच्या आतली कातडी चिरून पाणी सुटायला लागलं, पापण्या इतक्या फुगल्या की डोळे जेमतेम उघडायचे. हाताला कापड गुंडाळून ती तशीच स्वयंपाक करत होती. एकदा म्हणाली, “मॅडम, रातभर खाजवून जीव नकोसा हुतोय.” मी तिला तिळाचं तेल लावायला सांगितलं. विज्ञानाची शिक्षिका मी!

धैर्यशीलनं ते हात बघितले आणि फोटो काढला. त्याला दुसरं येतं काय? तो फोटो गावभर फिरला. चार दिवसांत गावानं त्या रोगाला नाव ठेवलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. गिरणीत तिचा डबा बाजूला ठेवायला लागले आणि सगळ्यांचं दळून झाल्यावर शेवटी दळायला लागले. ज्या बायका तिच्याकडून पाटवड्या शिकल्या, त्या तिला बघून रस्ता बदलायला लागल्या.

समितीची तातडीची बैठक झाली. गवताची आठवण कुणालाच झाली नाही, मला सोडून, आणि मी मूग गिळून बसले. नानासो म्हणाले, “लेकरांचा प्रश्न हाय, मॅडम. तुमी एक चांगलं पत्र लिवा.”

चांगलं पत्र लिहिता येतं मला. ‘विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा विचार करता, सावधगिरीचा उपाय म्हणून, आपण स्वयंपाकघरापासून दूर राहावे. त्वचेचा आजार संसर्गजन्य नसल्याचा वैद्यकीय दाखला सादर केल्यास फेरविचार करण्यात येईल.’ ‘सावधगिरीचा उपाय म्हणून’ हे शब्द मला सुचले तेव्हा बरंसुद्धा वाटलं. कुणाचं मन न दुखवता काम झालं, असं वाटलं. किती खालच्या दर्जाचा माणूस असं लिहून वर समाधान मानू शकतो, ते मला आता ठाऊक आहे.

राहीबाईला वाचता येत नाही. तिनं पत्र उलटंसुलटं केलं आणि माझ्याच हातात दिलं. “वाचा की.”

मी वाचून दाखवलं. मोठ्यानं, स्पष्ट, वर्गात वाचते तसं.

“मंजी उद्यापास्नं येऊ नगं?”

“दाखला आणा, राहीबाई. मग बघू.”

तिनं उलथनं धुतलं, खिळ्याला अडकवलं आणि गेली. तिच्या घरात ती एकटी. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मुलगी जतला दिलेली. तिला गावात जी काही किंमत होती ती त्या दारात उभं राहून पोरांचे हात तपासण्याची होती. त्या दारात ती पुन्हा उभी राहिली नसती, तर गावानं ठेवलेलं नाव खरं ठरलं असतं आणि मरेपर्यंत चिकटलं असतं. हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं.

सहाव्या दिवशी ती दाखला घेऊन आली. एकटी एसटीनं सांगलीला गेली होती, कातडीच्या डॉक्टरकडं. डॉक्टर अर्फा नावाची तरुण मुलगी, तिनं पहिलाच प्रश्न विचारला म्हणे, “मावशी, गाजरगवत उपटलं का?” दाखल्यावर मराठीत, सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘गाजरगवताची ॲलर्जी. संसर्गजन्य नाही. स्वयंपाक करण्यास हरकत नाही. यापुढे या गवताला हात लावू नये. बागकामास हातमोजे व पूर्ण बाह्या आवश्यक.’

पाच वाक्यं. वाचायला अर्धं मिनिट लागतं. मी म्हणाले, “समितीपुढं ठेवते,” आणि कपाटात ठेवला.

त्याच संध्याकाळी नानासोंचा फोन आला. “मॅडम, त्यो कागद ऱ्हाऊ द्या जरा. आता जिल्ह्याची तपासणी हाय. शाळेच्या बागंत काम करून बाईला असं झालं, हे कुटं भाईर पडलं तर नंबर जाईल.” मी मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, म्हणून तोंडानंही ‘बरं’ म्हणाले.

तीन आठवडे राहीबाई एक दिवसाआड फाटकापाशी यायची. आत यायची नाही. “झालं का वाचून, मॅडम?” मी म्हणायचे, “बैठक व्हायचीय.” तिचे हात बरे होत चालले होते. कातडी काळी पडली होती, खपल्या गळत होत्या. इकडं तात्पुरत्या ठेवलेल्या बाईच्या हातची खिचडी पातळ झाली होती आणि पोरं हात न धुता जेवत होती. कुणी विचारत नव्हतं.

गाजरगवतानं मात्र बैठकीची वाट बघितली नाही. उपटताना झडलेलं सगळं बी जमिनीत होतं आणि कुंपणाच्या कडेचा पट्टा तर तसाच राहिला होता. ऑगस्टच्या शेवटी बाग पुन्हा पांढरी. नानासोंनी गावातल्या रानात तण भांगलायला जाणाऱ्या बायकांना निरोप धाडला. एकही आली नाही. “त्या गवतानं राहीबाईचं हात गेलं,” त्या सरळ म्हणाल्या, “आमी न्हाई लावनार हात.” म्हणजे बायकांना ठाऊक होतं. गिरणीत डबा बाजूला सारणाऱ्या त्याच बायका. या गावात ठाऊक नसतं असं काही नाही. सोयीचं नसतं, एवढंच.

तेव्हा समितीनं श्रमदान जाहीर केलं.

आणि बघा, या वेळी हातमोजे आले! बारा जोड, नारिंगी रबराचे, कोपरापर्यंतचे. राहीबाईला एक जोड मिळाला नव्हता. समितीची माणसं आणि मी, आम्ही ते घालून ओळीत उभे राहिलो. धैर्यशीलनं दोन फोटो काढले, मोबाईलमध्ये बघितले आणि तोंड वाकडं केलं. “काका, ह्यात श्रमदान वाटंना. दवाखान्यात आल्यागत दिसतंय.”

सुभेदारांनी फोटो बघितला. मग मैदानावर दिल्यासारखा हुकूम दिला. “काडा रं ते मोजं! बाह्या वर!”

आणि आम्ही काढले. बारा जोड हातमोजे रंगवलेल्या दगडांवर ओळीनं वाळत घातल्यासारखे ठेवले आणि उघड्या हातांनी गाजरगवत उपटलं. नानासोंनी तर पांढऱ्या शर्टावर फुललेली मोळी लेकरासारखी छातीशी धरली. धैर्यशील जवळून फोटो घ्यायला गवतात शिरला आणि त्याच हातांनी तोंडावरचा घाम पुसत राहिला. “मॅडम, मूठ वर धरा, हसा!” मी धरली. मी हसले. दरवर्षी तो धडा शिकवणारी बाई! फोटो पंधरा मिनिटांत झाले, पण जिल्ह्याचं पथक दुसऱ्या दिवशी येणार म्हणून पुढं दोन तास उपटावं लागलं. पथक आलंच नाही. फोटो पाठवा, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नानासोंच्या गळ्यावर, छातीवर, दंडांवर लाल चट्टे उठले. धैर्यशीलचं तोंड असं सुजलं की आठ दिवस त्यानं स्वतःचा फोटो काढला नाही. माझ्या बोटांत आणि मनगटांवर पुरळ आलं आणि मला कळलं की रातभर खाजवून जीव नकोसा होणं म्हणजे काय. सुभेदारांना काहीही झालं नाही. एक फोड नाही. डॉक्टर नंतर म्हणाली, काहींना होत नाही. ते मला अजून सहन होत नाही.

गावानं आता नवीन शब्द शिकला. राहीबाईला झाला तो रोग होता, नानासोंना झाली ती ॲलर्जी. गिरणीत नानासोंचं दळण आधी घेतलं गेलं. वर ‘जपा हां अध्यक्ष’ म्हणून काळजीही घेतली गेली.

नानासोंच्या गाडीतून आम्ही तिघं सांगलीला गेलो. डॉक्टर अर्फानं आमचे हात बघितले, गावाचं नाव विचारलं आणि पेन खाली ठेवलं.

“महिन्यापूर्वी तुमच्याच शाळेच्या एक मावशी आल्या होत्या. मी दाखल्यावर सगळं लिहून दिलं होतं. कुणी वाचलं नाही का?”

“त्यो दाखला मॅडमकडं हाय,” नानासो चटकन म्हणाले. हात झटकायला ते इतके तयार होते की दुखरा हातही त्यांच्या आड आला नाही. दाखला माझ्याकडंच होता.

परत येताना गाडीतच ठरलं की राहीबाईला सोमवारपासून बोलवायचं. माफी मागायची, असं कुणी म्हणालं नाही. नानासो म्हणाले, “पयल्या दिवशी समितीनं तिच्या हातची खिचडी चाखायची, फोटो काडायचा, मंजी गावाची शंका फिटंल.” तसा नियमच आहे. पोरांना वाढण्याआधी मुख्याध्यापक आणि समितीच्या माणसानं चव घेऊन वहीत सही करायची असते. इतके दिवस सह्या महिन्याच्या शेवटी एकदम होत होत्या.

सोमवारी खिचडीला वास पूर्वीसारखा होता. पोरांची रांग स्वयंपाकघरापासून पार झेंड्याच्या चौथऱ्यापर्यंत गेली होती. राहीबाई दारात उभी होती. पूर्ण बाह्यांचा झंपर, हातात उलथनं, हाताच्या कातडीवर काळे डाग. समिती रांग डावलून पुढं आली. धैर्यशील सुजल्या तोंडानं मोबाईल सावरत होता.

राहीबाईनं उलथनं दारात आडवं धरलं.

“हात दाखवा.”

पोरं हसली. नानासोंनाही हसायचं होतं. “आवं राहीबाई, आमी चव घ्यायला आलोय.”

“व्हय. हात दाखवा. पलटी करा.”

नानासोंनी दाखवले. का दाखवले ते त्यांनाही सांगता येणार नाही. एकशे चाळीस पोरं बघत होती आणि त्यात त्यांची मुलगी होती. दोन्ही हातांवर खपल्या होत्या.

“दाखला आणा,” राहीबाई म्हणाली.

“आवं ही नुसती ॲलर्जी हाय! पसरत न्हाई ही.”

“ठावं हाय मला. मलाबी तीच हुती.”

धैर्यशीलला तिनं हात दाखवायलाही सांगितलं नाही. नुसतं तोंडाकडं बघितलं, तसा तो काकांच्या मागं सरकला. मग ती सुभेदारांकडं वळली, त्यांचे तळवे बघितले, पाठची बाजू बघितली. “सुबेदार, तुमी जावा आत. तुमचं हात चांगलं हायती.” लालासाहेब सुभेदार एकटेच आत गेले. वाटीभर खिचडी त्यांनी उभ्यानं खाल्ली आणि वहीत सही केली. मान वर केली नाही.

मग माझी पाळी. माझे हात पदराखाली होते. मी ते काढले, तळवे वर करून पुढं धरले. तळवे स्वच्छ होते.

“पलटी करा, मॅडम.”

मी पलटी केले.

तिनं बोटांच्या बेचक्या बघितल्या, मनगटं बघितली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. मग तिनं माझंच पत्र मला ऐकवलं. एकदाच वाचून दाखवलेलं, शब्दही चुकला नाही.

“सावदगिरीचा उपाय म्हनून, मॅडम. दाखला आणा.”

“आणते,” मी म्हणाले.

“आणा. मला वाचाय येत न्हाई. पर ज्या दिशी आणचाल, त्याच दिशी कुणाकडनं तरी वाचून घीन.”

मी बाजूला झाले. माझ्या मागं पहिलीची पोरं तळवे पुढं करून उभीच होती.